नवापूरची बुसरा, झाबुव्याचा कडकनाथ

सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूर नावाचे एक स्थानक आहे. गंमत अशी की, त्याचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत पडतो. फलाटावर एक बाक आहे. त्याच्या मध्यावर रेघ ओढून दोन्ही अंगांना दोन राज्यांची नावे रंगविली आहेत. नवखे उतारू एक मांडी इकडे आणि एक तिकडे टाकून छायाचित्र काढून घेतात. १९६० च्या मे महिन्यात मुंबई राज्याची वाटणी झाली, तिची ही रेघ. पण रुळाशेजारच्या उकिरड्यावर माती उकरणाऱ्या कोंबड्यांना त्या वाटणीची वार्ता अजून पोचलेली नाही. त्या सकाळी महाराष्ट्रात किडे टिपतात आणि दुपारी गुजरातेत अंडे घालतात!

या कोंबडीचे नाव बुसरा. आपल्याकडे शहरात कोंबडीच्या दोनच जाती मानतात, एक गावरान आणि दुसरी ब्रॉयलर. परंतु 'गावरान' या एका शब्दाखाली आपण किती निरनिराळ्या वाणांना कोंबून बसविले आहे, याची कल्पना या पट्ट्यात हिंडल्यावाचून येत नाही. कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्था देशी जातींची जी नोंद ठेवते, तीत बुसरेचे घर म्हणून महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन्ही नावे आहेत. नंदुरबार-धुळ्याचा डोंगराळ भाग आणि पलीकडचा सुरतेकडचा मुलूख हे तिचे माहेर. अंगाने लहान ते मध्यम, नजर सदा सावध. पिसे बहुधा पांढरी, मान, पाठ आणि शेपटी यांवर काळ्याची भेसळ, खांद्या-पंखांवर तांबूस झाक. वर्षाकाठी अंडी पन्नासच्या आतबाहेर. व्यापारी लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. तिच्यापुढे ही संख्या म्हणजे अगदीच कोरडी. पण लेगहॉर्न रवणीला बसत नाही, आणि बुसरा बसली म्हणजे तिला उठवायला गेलेल्या माणसाच्या मनगटाची खैर नसते.

याच नवापुरावर २००६ च्या फेब्रुवारीत जो प्रसंग आला, तो कुक्कुटपालन करणारा कोणी विसरणार नाही. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो येथे. लाखो पक्षी मारून पुरावे लागले. मोठ्या शेडवाल्यांबरोबर, परसात चार कोंबड्या बाळगणाऱ्या आदिवासी बायांच्या डालग्यांतूनही पक्षी काढून नेले गेले. २०२१ साली तोच रोग पुन्हा येऊन गेला. इतके होऊनही नवापुरात शेडी आहेत आणि परसात बुसराही आहेत. रोगाने धंदा बुडतो, सवय बुडत नाही.

माझी सारी नोकरी पशुसंवर्धन खात्यात कोंबड्यांना लस टोचण्यात गेली. त्यामुळे निवृत्तीनंतरही नातेवाइकांत माझा भाव वधारला तो कोंबड्यांमुळेच. माझी थोरली बहीण साक्री तालुक्यात असते. आम्ही तिला आक्का म्हणतो. भाऊजी गेल्यावर दोन एकर कोरडवाहू जमीन आणि धाकटीचे नर्सिंगचे शिक्षण एवढे तिच्या पदरी उरले. गेल्या मार्गशीर्षात तिने चार शेळ्या विकल्या आणि १४,००० रुपये माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "भाऊ, मला कडकनाथ आणून दे. पिले नकोत. पिले मांजर नेते, थंडी नेते. मला अंड्यावर आलेल्या कोंबड्या हव्यात."

मी म्हटले, "आक्का, पैसे तुझे आहेत. तेव्हा निवडायला तूच चल."

हा आग्रह उगीच नव्हता. २०१९ साली सांगली जिल्ह्यात इस्लामपूरकडची कडकनाथाची एक योजना कोसळली. पक्षी आम्हीच देऊ, अंडीही चढ्या भावाने आम्हीच घेऊ, असे तिचे वचन होते. किती शेतकऱ्यांचे पैसे तिच्यात अडकले, हे वर्तमानपत्रांतून आपण वाचलेच आहे. कडकनाथ वाईट नव्हता. परंतु ज्यांनी तो घेतला त्यांपैकी पुष्कळांनी पक्ष्याकडे न पाहता नुसता कागद पाहिला होता. आक्काच्या १४,००० रुपयांमागे दुसरे १४,००० उभे नव्हते.

तर आम्ही नवापूरला गाडी धरली, सुरतेच्या बाजूला उतरून बडोद्याची दुसरी घेतली, आणि गोध्रा मागे टाकून दाहोदच्या दिशेने निघालो. गोध्र्यानंतर मुलूख बदलतो. सपाट कापूसपट्टा सरून बोडक्या टेकड्या लागतात. त्यांच्या उतारांवर पळसाची आणि ताडाची झाडे. दाहोद हे औरंगजेबाचे जन्मगाव, १६१८ सालचे. हे आक्काला सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली की, येथे चहा बरा मिळतो का ते पाहा. चहा बरा होता. पुढे अनास नदी ओलांडली की मध्य प्रदेश लागतो, आणि मेघनगरला उतरावे लागते. तेथून झाबुआ जीपने अर्ध्या तासाचा रस्ता.

झाबुआ हा भिल्लांचा मुलूख. आपल्याकडे गाव म्हटले की घराला घर लागून आलेच. येथे तसे नाही. प्रत्येक घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकाडावर, आणि अशा विखुरलेल्या घरांच्या झुबक्याला फळिया म्हणतात. भिंतींवर पिठोऱ्याचे घोडे. याच जिल्ह्यातील पिटोलच्या भूरीबाईंनी ही भिंतीवरची चित्रे कागदावर आणि कापडावर उतरविली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. घरे अशी दूरदूर असल्याचा फायदा कोंबड्यांना होत असला पाहिजे, असे माझे मत आहे. आपल्याकडच्या गावात मानमोडी शिरली की एका रात्रीत गल्ली साफ करते. येथे रोगालाही चढ-उतार करून जावे लागते.

दुपारी आम्ही दाल-पानिया खाल्ले. मक्याच्या पिठाचा जाड गोळा थापून पळसाच्या पानांत धरतात आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजतात. पानांच्या शिरांचा ठसा भाकरीवर उमटतो. आक्काने दोन मागून घेतले आणि निखारा किती असावा लागतो याची चौकशी केली. ज्या गावाला जायचे तेथले काही तरी शिकून यायचे, हा तिचा जुना नेम.

आता कडकनाथाविषयी. त्याला येथे काली मासी म्हणतात, म्हणजे काळ्या मांसाचा. पिसे काळी असली म्हणजे कडकनाथ, असे समजणारे फसतात. काळ्या पिसांची कोंबडी कोणत्याही गावात मिळेल. आणि उलट, अस्सल कडकनाथाची पिसे सगळी काळीच असतात असेही नाही. एक वाण निखळ काळा, दुसऱ्याच्या काळ्या पिसांवर पेन्सिलीने ओढल्यासारख्या रुपेरी रेघा, आणि तिसऱ्याच्या मानेवर सोनेरी छटा. खरी खूण पिसांच्या खाली आहे. चामडी काळी, चोच काळी, नडग्या काळ्या, बोटे आणि तळवेसुद्धा काळे, तुरा आणि गळ्याखालची पाळी जांभळट-काळी, जीभ काळी. आत हाडांवरचे आवरण आणि आतडीही काळवंडलेली. रक्त मात्र तांबडेच, आणि अंडे फिकट बदामी. काळे अंडे म्हणून कोणी काही दाखविले तर त्याला दुरून नमस्कार करावा.

या काळेपणाचे मूळ शास्त्रज्ञांनी शोधले आहे. कोंबडीच्या विसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा फार पूर्वी कधी तरी दुप्पट झाला आणि काळा रंग तयार करणाऱ्या पेशी अंगभर पसरल्या. चीनची मऊ लोकरीसारख्या पिसांची सिल्की आणि इंडोनेशियाची अयाम चेमानी यांतही हीच भानगड आहे. व्यवहारात त्याचा अर्थ असा की, हा गुण जोरकस आहे. संकर झाला तरी तो थोडाफार डोकावत राहतो. म्हणून अर्धवट काळे पक्षी बाजारात पुष्कळ येतात, आणि तेच 'प्युअर कडकनाथ' या नावाने विकले जातात.

असा एक प्रसंग आमच्यावर आलाच. रस्त्यालगत एका व्यापाऱ्याने जाळीच्या खोक्यांत पंचवीस-तीस काळे पक्षी मांडले होते. भाव कोंबडीला ५००. आक्काने लगेच मनात हिशेब केला असावा, कारण तिचा हात कनवटीला गेला. मी एक कोंबडी काढली आणि तिला पालथी धरून तळवा पाहिला. तो गुलाबी होता. दुसरीचा तळवा काळा, पण पंखाखालची चामडी राखी-पांढरी. तिसरीचा तुरा लालभडक. व्यापारी म्हणाला, "बाबूजी, धूप से लाल हो जाता है." मी खोके बंद करून दिले. आक्का पुढे निघाली तेव्हा तिच्या तोंडावर नाराजी होती. तळवा काय, कोंबडी अंडे तळव्याने देते का, असे ती पुटपुटली. बोलणे खोटे नव्हते. नुसती अंडी हवी असती तर तो माल चालला असता. पण तिला पिले करून कडकनाथ म्हणून विकायची होती, आणि गुलाबी तळव्याची कोंबडी पुढच्या पिढीत मालकिणीला उघडी पाडते.

झाबुव्याच्या कृषी विज्ञान केंद्राने या जातीसाठी पुष्कळ काम केले आहे. २०१८ साली झाबुव्याच्या कडकनाथाच्या मांसाला भौगोलिक निर्देशनाचा मान मिळाला. त्यासाठी छत्तीसगडच्या दंतेवाड्यानेही हक्क सांगितला होता. पुढच्याच वर्षी याच केंद्राने, क्रिकेटपटूंनी कडकनाथ खावा, असे पत्र थेट विराट कोहलीच्या नावे धाडले. महेंद्रसिंग धोनीने येथल्या एका शेतकऱ्याकडे २,००० पिलांची मागणी नोंदविली, पण २०२१ च्या जानेवारीत तेथे बर्ड फ्लू निघाला. पिले रांचीला पोचली ती २०२२ साली. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकालाही रोगापुढे थांबावे लागले.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका पशुवैद्याने आम्हांला एका फळियावर नेले. तेथल्या बाईंकडे सोळा कोंबड्या आणि तीन कोंबडे होते. सगळे मोकळे हिंडणारे. येथे माझी खरी परीक्षा होती, कारण अंड्यावर आलेली कोंबडी ओळखण्याच्या आमच्या पुस्तकी खुणा कडकनाथापुढे निम्म्या लंगड्या पडतात. पुस्तक सांगते, तुरा लाल आणि टवटवीत हवा. येथे तुरा जांभळा. पुस्तक सांगते, अंडी देऊ लागली की पिवळ्या नडग्यांचा रंग उतरतो. येथे नडग्या कोळशासारख्या. मग उरते ते बोटांचे माप. कोंबडी उलटी न करता बगलेत धरावी, डोके मागे आणि शेपूट आपल्यापुढे. गुदद्वाराच्या दोन्ही अंगांना दोन बारीक हाडांची टोके लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटे बसली तर ती अंडी देत आहे. एकच बोट बसले तर एक तर तलंग आहे किंवा तिने अंडी बंद केली आहेत. ती टोके आणि छातीच्या हाडाचे टोक यांच्यामध्ये तीन-चार बोटे मावावीत, पोट मऊ लागावे, गुदद्वार मोठे आणि ओलसर असावे.

वयाची खूण पायांवर. कोवळ्या कोंबडीच्या नडगीवरचे खवले गुळगुळीत, बसलेले. म्हातारीचे खरबरीत. खवले उचललेले दिसले आणि खाली चुनखडीसारखा थर असला, तर ती खरूज समजावी. मग पिसे फुंकून गुदद्वाराभोवती आणि पंखांखाली उवा-लिखा पाहाव्यात, डोळ्यांत पाणी आणि नाकात चिकटा आहे का ते पाहावे, आणि शेवटी कोंबडी कानाशी धरून तिचा श्वास ऐकावा. घरघर ऐकू आली तर कितीही देखणी असली तरी खाली ठेवावी. आक्काने पहिल्या दोन माझ्या हातांनी पाहिल्या, पुढच्या सगळ्या स्वतःच्या. नववी कोंबडी तिने परत केली. मला ती चांगली वाटली होती. "हिचा पोटा सकाळच्या प्रहरीच दगडासारखा भरलाय," ती म्हणाली, "रात्रीचे पचलेले नाही." तिचे खरे होते.

आठ कोंबड्या ठरल्या, प्रत्येकी ९०० रुपये. कोंबड्यापाशी गाडी अडली. आक्काला रेघांच्या पिसाऱ्याचा मोठा कोंबडा आवडला होता. बाई हसून नाही म्हणाल्या. तो देवीला बोललेला होता. दिवाळीनंतर देवीला काळा कोंबडा देण्याची येथे चाल आहे. यंदा घरात आजारपण असल्याने तो राहून गेला होता. आक्काने दोनशे वाढवून पाहिले नाहीत, की घासाघीस केली नाही. नवसाचे म्हटल्यावर तिने मान डोलावली आणि दुसरा, जरा लहान कोंबडा उचलला. तो १,००० ला पडला. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. दोन ठेवले तर ते अंड्यांऐवजी भांडणेच उबवितात.

परतीला आगगाडी नको म्हणून आम्ही एक जीप केली. दुपारी पक्ष्यांना पाणी भरपूर पाजले, दाणा थोडाच दिला, आणि संध्याकाळी त्यांना तीन डालग्यांत भरून निघालो. थंडीचे दिवस आणि रात्रीचा प्रवास कोंबडीला मानवतो. उन्हात डालगे म्हणजे भट्टी होते. अलीराजपूर, कुक्षी, मग सरदार सरोवराच्या पाण्याने फुगलेली नर्मदा ओलांडून बडवानी, आणि पहाटे खेतियाची हद्द. खेतिया संपले की शहादा, म्हणजे आपला मुलूख. वाटेत दर दोन-अडीच तासांनी जीप थांबवून आक्का बॅटरीच्या उजेडात डालगी मोजी.

घरी आणलेली मोठी कोंबडी पहिल्या दिवशी मोकळी सोडणे म्हणजे ती शेजाऱ्याला दान करणे. आठ-दहा दिवस ती खुराड्यातच हवी, म्हणजे रात्रीचे घर कोणते हे तिला कळते. आणि जुन्या कोंबड्या असतील तर नव्यांना त्यांच्यापासून चार आठवडे दूर ठेवावे. भांडी वेगळी, आणि चाकरी आधी जुन्यांची, मग नव्यांची. आक्काच्या दारात सहा बुसरा होत्या. तिने गोठ्याच्या पलीकडच्या पडवीत जाळी ठोकली, खाली भाताचे तूस चार बोटे पसरले, आणि बसायला दोन फुटांवर बांबूची आडवी काठी बांधली. कोंबडीमागे दोन ते अडीच चौरस फूट जमीन आणि काठीवर एक वीत जागा, हा आमचा खात्यातला हिशेब. चार-पाच कोंबड्यांना अंड्यासाठी एक अंधारे खोके पुरते.

दाणा प्रत्येकीला रोज ८० ते १०० ग्रॅम, आणि पाणी त्याच्या दुप्पट. शिंपांचा चुरा वेगळ्या वाटीत. पहिले बारा दिवस एकही अंडे आले नाही. आक्का रोज फोन करून विचारी, "भाऊ, बाईने आपल्याला वांझ तर दिल्या नाहीत ना?" जागा बदलली की कोंबडी रुसते, काही जणी पिसेही झाडतात. तेथे मालकाचा धीर सुटून तो दाणा बदलू लागला की कोंबडी आणखी रुसते. त्या अवधीत मी जाऊन जंताचे औषध दिले, आठवड्याने मानमोडीची लस टोचली. मोठ्या पक्ष्यांना देतात ती आर-टू-बी, पिलांची लासोटा नव्हे. मानमोडीचे पुस्तकी नाव रानीखेत, कुमाऊँमधल्या त्या सुंदर थंड हवेच्या गावावरून पडलेले. १९२७-२८ च्या सुमारास हा रोग तेथे आढळला. इंग्लंडात त्याच सुमारास तो न्यूकॅसलला सापडला म्हणून तिकडे त्याचे नाव न्यूकॅसल. गावांच्या कपाळी काय काय येते पाहा!

सतराव्या दिवशी एक कोंबडी मान टाकून बसली. आक्काने ती उचलून वेगळी केली आणि मला बोलाविले. हिरवट पातळ विष्ठा पाहून मीही मनातून चरकलो. दोन दिवसांत ती गेली. तालुक्याच्या दवाखान्यात शवविच्छेदन करून घेतले, तेव्हा मानमोडी निघाली नाही; आतड्यांत जंतांचा गोळा होता. उरलेल्या सातजणींना औषधाची दुसरी मात्रा दिली. बुसरांपर्यंत काही पोचले नाही. आक्काने ९०० रुपये वहीत लिहिले, खाली रेघ मारली, आणि जेवायला वाढले.

चार आठवडे झाल्यावर जाळी निघाली ती रात्री. अंधारात काठीवर शेजारी शेजारी बसविले की सकाळी उठल्यावर कोणी कोणाला फारसे नवे वाटत नाही. तरी दोन दिवस चोचाचोच झालीच. कोणी कोणाला टोचायचे हे कोंबड्यांत ठरलेले असते. नॉर्वेचा शेल्डेरुप-एबे हा ती उतरंड पाहून पाहून शास्त्रज्ञ झाला. आमच्या परसात उतरंडीच्या शिखरावर एक शेपूट झडलेली बुसरा चढली. कडकनाथाचा कोंबडासुद्धा तिच्या वाटेला जात नाही.

महाशिवरात्रीच्या आसपास सात कोंबड्यांची मिळून दिवसाला दोन-तीन अंडी येऊ लागली. कडकनाथ वर्षाला शंभराच्या अलीकडेच राहतो, म्हणून एवढे ठीकच. पण ही कोंबडी रवणीला बसण्यात कच्ची. झाबुव्यातही तिची अंडी दुसऱ्या गावरान कोंबडीखाली घालतात. येथे बुसरा कामी आली. शेपूटझडी खुडूक झाली तशी आक्काने तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी आठ पिले निघाली, निळसर-काळी, पाठीवर गडद पट्टे. पांढऱ्या आईमागून ती काळी रांग अंगणात फिरू लागली, तेव्हा शेजारच्या दोघी भाव विचारायला आल्या. आक्का म्हणाली, दोन महिन्यांची झाल्याशिवाय देणार नाही, आणि पहिली जोडी झाबुव्याच्या बाईंच्या देवीसाठी ठेवलेली आहे.